रात्रीचा विमानप्रवास आणि फजरची नमाज



आपल्या कित्येक घरांतील माणसे नोकरीनिमित्त आखाती देशांत आहेत. त्यांचा प्रवास बहुधा रात्रीच्या तीन तासांच्या विमानाने होतो. प्रवास इतका लहान असतो की त्यात नमाजेचा विचार करावा असे कोणाला वाटतही नाही. आणि नेमक्या याच प्रवासात फजर हातून निसटते. डोळा उघडतो तेव्हा खिडकीतून ऊन आत आलेले असते.

पवित्र कुरआनने सूरह निसामध्ये (आयत 103) नमाज ही ठरलेल्या वेळेचे कर्तव्य असल्याचे सांगितले आहे. प्रवासात चार रकअतींच्या दोन होतात. परंतु फजर मुळातच दोन रकअतींची आहे. तिच्यात कस्र नाही आणि ती अन्य कोणत्याही नमाजेशी जोडताही येत नाही. म्हणून रात्रीच्या प्रवाशाने सर्वप्रथम वेळ समजून घेतली पाहिजे.

फजरची वेळ सुबह सादिकपासून सूर्योदयापर्यंत असते. विमानात ती निघाल्या शहराच्या किंवा पोहोचण्याच्या शहराच्या घड्याळाने नव्हे, तर आपण जिथे आहोत तेथील क्षितिजाने ठरते. रमजानमधील सहरीलाही हाच नियम लागू आहे. डिसेंबरमध्ये दुबईहून पहाटे साडेतीनला निघणारे विमान घ्या. ते पूर्वेकडे, म्हणजे सूर्याच्या दिशेने धावते. दुबईच्या वेळेनुसार पाचच्या सुमारास आकाशात फजर होते आणि पावणेसहाच्या आसपास सूर्य दिसू लागतो. त्या वेळी दुबईत फजरची अजान नुकतीच झालेली असते. जमिनीवर सव्वा तासाच्या आसपास मिळणारा अवधी इथे तासाहूनही कमी होतो. 'मुंबईत उतरून अदा करू' असे म्हणणाऱ्याची नमाज निश्चितच कजा होते, कारण विमान उतरते तेव्हा भारतात सकाळचे आठ वाजलेले असतात.

उलट, मुंबईहून पहाटे चारला निघालेला प्रवासी डिसेंबरमध्ये दुबईला उतरतो तेव्हा फजरची वेळ नुकतीच लागलेली असते. विमानतळावरील नमाजगृहात तो शांतपणे नमाज अदा करू शकतो. मात्र याच वेळेचे विमान जूनमध्ये उतरते, तेव्हा तेथे सूर्य उगवून गेलेला असतो. तात्पर्य, तिकिटाबरोबरच ऋतूही पाहावा. वेळ होण्यापूर्वी मुंबईच्या विमानतळावर फजर उरकून घेतली, तर ती अदा होतच नाही.

इशा मात्र निघण्यापूर्वीच अदा करावी. मुंबईचा विमानतळ शहरातच आहे. त्यामुळे मुंबईचा रहिवासी तेथे पूर्ण चार रकअती अदा करील. रत्नागिरीहून किंवा पुण्याहून आलेला प्रवासी तेथे मुसाफिर असतो. हनफी मसलकानुसार त्याने कस्रच करावी. शाफई मसलकात कस्रची मुभा आहे.

वजू करूनच विमानात चढावे. आसन मागे कलवून झोप लागली तर वजू पुन्हा करावा. विमानातील पाणी मोजके असते. चेहरा, कोपरांपर्यंत हात, डोक्याचा मसह आणि घोट्यांपर्यंत पाय, एवढे एकेकदा केले तरी फर्ज पूर्ण होते. शाफई बांधवांनी नियत व क्रम सांभाळावा. जमिनीवर पाणी सांडून पुढच्या माणसाला त्रास देऊ नये.

फर्ज नमाजेत शक्य असेल तर उभे राहणे आवश्यक आहे. दुबईहून येताना किब्ला साधारणतः पाठीमागे असतो, म्हणून आसनावर बसून तिकडे तोंड करता येत नाही. खानपानाच्या कक्षाजवळील मोकळ्या जागेसाठी कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारावे. दोन रकअतींना चार-पाच मिनिटे पुरतात. परवानगी मिळाली नाही किंवा पट्टा बांधण्याची सूचना सुरूच राहिली, तर वेळ जाऊ न देता बसून इशाऱ्याने नमाज अदा करावी आणि उतरल्यावर ती पुन्हा अदा करावी. अनेक आलिमांचे हेच मत आहे.

खैबरहून परतताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रात्री उशिरा मुक्काम केला आणि फजरसाठी जागे राहण्याचे काम हजरत बिलाल (रजि.) यांच्यावर सोपवले. थकव्याने त्यांचाही डोळा लागला. उन्हाच्या झळांनी सर्वांना जाग आली, तेव्हा थोडे पुढे जाऊन त्यांनी जमाअतीने नमाज अदा केली. या प्रसंगातून झोपेने नमाज चुकलेल्याला दिलासा मिळतो, कारण जाग येताच त्याने ती अदा करावयाची आहे. परंतु झोपण्यापूर्वी जागे करणारा नेमला गेला होता, हेही विसरू नये. आपल्या खिशातील मोबाइलचा गजर हे काम करू शकतो. तो न लावता झोपणे आणि मग प्रवासाला दोष देणे योग्य नव्हे.

आपला मुलगा किंवा भाऊ पुढच्या वेळी निघेल, तेव्हा बॅगेचे वजन करताना त्याच्या फजरची वेळही एकत्र बसून काढा. अल्लाह आपल्या सर्वांना वेळेवर नमाज कायम करण्याची तौफिक देवो. आमीन.