इतक्या वर्षांनी तक्रार करता येते का?

प्रश्न : २००३ साली, मी दहा वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी एका जवळच्या नातेवाइकाने माझ्यावर लैंगिक अत्याचार केला. तेव्हा कुणालाच सांगू शकले नाही. आता मी स्वतः आई आहे. पोलिसांत जायची मुदत संपली का? — एक भगिनी

उत्तर : ताई, कुणी काही म्हणो, मुदत संपली असं परस्पर धरून चालू नका. आपल्याकडे मुदत ठरते ती गुन्ह्याच्या शिक्षेवरून. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर मुदतीचं बंधन, त्याहून जास्त असेल तर नाही. बलात्काराला मुदत नाही.

गुंता आहे तो सालाचा. मुलांसाठीचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. तुमच्या बाबतीत घटनेच्या दिवशीचा कायदा, म्हणजे जुनी भारतीय दंडसंहिता लागेल. तिच्यात बलात्काराची व्याख्या फार तोकडी होती. कलम ३७६ किंवा ३७७ लागत असेल तर आजही फिर्याद होते. मात्र नको तिथे हात लावणं वगैरे सारं कलम ३५४ च्या विनयभंगात ढकललं जाई आणि त्याला २०१३ पर्यंत जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. म्हणजे तीन वर्षांत तक्रार हवी. न्यायालय हा उशीर माफ करू शकतं, पण त्याची खात्री देता येत नाही. दहा वर्षांच्या पोरीवरचा अत्याचार कायद्याने इतका हलका मानला, याचा मला आजही संताप येतो. म्हणून वकिलाला सगळं आडपडदा न ठेवता सांगा; कोणतं कलम लागेल हे त्यावरच ठरेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

पुराव्याचं काय, असं तुमच्या मनात येईलच. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमितसिंग खटल्यात म्हटलं आहे. घराण्याच्या अब्रूपायी बाई उशिरा तोंड उघडते, हेही त्यात मान्य केलं आहे. तरी बचाव पक्षाचा वकील उशिरावरच बोट ठेवणार. तेव्हा मैत्रिणीला लिहिलेलं पत्र, समुपदेशकाकडच्या नोंदी, जे असेल ते जपून ठेवा. बहिणीला कधी बोलला असाल तर तिची साक्षही मोलाची.

आजोळच्या गावी जायची गरज नाही. राहत्या ठिकाणच्या ठाण्यातही 'झीरो एफआयआर' नोंदवता येतो. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. बलात्काराची फिर्याद घ्यायला नकार देणं हा त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा ठरतो. तसं झालं तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. अशा खटल्यात तुमची ओळख पटेल असं काही छापणंही गुन्हा आहे.

फिर्याद करायची की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. नवऱ्याने नाही, माहेरच्यांनी नाही. मात्र तो माणूस आज लहान मुलांच्या सहवासात असेल आणि त्यांच्या बाबतीत तुम्हाला धास्ती वाटत असेल, तर पॉक्सोचं कलम १९ ती धास्ती कळवायला सांगतं. त्यासाठी थांबू नका. १०९८ वर आजच फोन करा.