'येस, आय अ‍ॅम गिल्टी' : हेतू, अर्थशून्यता आणि निवड

हत्यासत्राचा विचार साधारणतः दोन अंगांनी केला जातो. कायदा हेतू शोधतो. रूढ मानसशास्त्र कारण शोधते. हेतू पुराव्यात सापडतो, कारण पूर्वायुष्यात. मात्र प्रत्यक्ष निवड करणारा माणूस या दोहोंतून निसटतो. अस्तित्ववादी मानसशास्त्राचे लक्ष नेमके त्याच्यावर असते.

पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांड या दृष्टीने विचारार्ह ठरते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात कलाशिक्षण घेणाऱ्या तरुणांच्या टोळीने दहा खून केले. पहिल्या खुनामागे खंडणीची योजना होती. पुढे दोन कुटुंबांच्या घरांत लूटही झाली. न्यायनिर्णयास धनलोभ हा हेतू पुरेसा आहे. परंतु लुटीच्या इच्छेने चोरीचा उलगडा होतो. हत्येच्या पुनरावृत्तीचा होत नाही.

व्हिक्टर फ्रँकल यांनी अर्थशून्यतेतून निर्माण होणाऱ्या आंतरिक पोकळीचे विवेचन केले. रोलो मे यांनी १९७२ च्या 'पॉवर अँड इनोसन्स' या ग्रंथात हिंसेचे मूळ सामर्थ्यात नव्हे, तर असमर्थतेच्या जाणिवेत दाखविले. आपल्या असण्याची दखल अन्य कोणत्याही मार्गाने घेतली जात नाही असे वाटणारा माणूस दुसऱ्याचे असणे पुसून स्वतःची खात्री पटवू पाहतो. टोळीत 'मी'ची जागा 'आम्ही' घेते, आणि जबाबदारी कोणा एकाची उरत नाही. सार्त्र यांनी वर्णिलेली आत्मवंचना ती हीच.

मात्र या उपपत्तीची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर पुण्यातच शिकतो; निरर्थकतेचा अनुभव त्यालाही ग्रासतो. तो गावी परततो, आणि आपली कहाणी सांगतो. कादंबरीतील पात्र हा गुन्हेगाराच्या मनाचा पुरावा नव्हे. परंतु पोकळी आणि हत्या यांत अटळ कार्यकारणभाव नाही, हे या तुलनेतून स्पष्ट होते. त्या दोहोंमध्ये निवड असते.

टोळीतील मुनव्वर शाह याने कारागृहात लिहिलेल्या आत्मकथनाचे 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' हे शीर्षक म्हणूनच अर्थपूर्ण आहे. ते प्रथमपुरुषी एकवचनी विधान आहे. 'आम्ही'त विरलेली जबाबदारी ते 'मी'कडे परत आणते. तथापि कबुली देणारा 'मी' आणि कृत्य करणारा 'मी' एकच मानणे धोक्याचे आहे. मृत्यूच्या छायेत लिहिणारा मागे वळून आपल्या कृत्यांची संगती लावतो. ती संगती कृत्याच्या क्षणी होतीच असे नाही. शिवाय अशा आत्मकथनात मृतांना स्वतःचा आवाज नसतो.

२७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आली. कायद्यापुरते प्रकरण तेथे संपले. अभ्यासकापुढील प्रश्न मात्र शिल्लक राहतो. अस्तित्ववादी मानसशास्त्र खुन्यास समजून घेते, पण त्यास परिस्थितीच्या आड लपू देत नाही. समजून घेणे आणि निर्दोष ठरविणे यांतील हे अंतर जपले, तरच अशा आत्मकथनाचे वाचन समीक्षेच्या पातळीवर पोहोचते.