रानकाफीचा वृत्तांत

हिंदी महासागरांत मॉरिशस बेट आहे. तेथें मराठी वंशाचीं पुष्कळ कुटुंबें राहतात. त्याच्या पूर्वेस सुमारें 560 किलोमीटरांवर रॉड्रिग्ज नांवाचें लहान बेट असून तें मॉरिशसच्याच राज्यांत मोडतें. जगांत केवळ याच बेटावर आपोआप उगवणारें 'काफे मारों', म्हणजे रानकाफी, नांवाचें एक झुडूप आहे. त्याचा वृत्तांत बोधपर असल्यामुळें आम्ही तो वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम त्याचें रूप पाहूं. तें काफीच्या कुळांतील असून त्याचें फूल पांढरेंशुभ्र, ताऱ्याच्या आकाराचें असतें. कोवळ्या रोपाचीं पानें लांब, अरुंद व तपकिरी असतात. झुडूप उंच झाल्यावर रुंद, हिरवीं पानें येतात. पूर्वीं तेथें प्रचंड कांसवें चरत. वाळक्या काडीसारखें दिसणारें रोप त्यांच्या नजरेंतून सुटत असावें, असें शास्त्रज्ञांस वाटतें. पुढें माणसानें कांसवें नाहींशीं केलीं व शेळ्या आणल्या. त्यांच्यापुढें हें सोंग चाललें नाहीं.

झुडूप नामशेष झालें असें विद्वान् समजत होते. परंतु 1980 च्या सुमारास एका शिक्षकानें वर्गांत त्याचें चित्र दाखविलें, आणि एका मुलानें तशीच डहाळी आणून दिली. सबंध बेटावर तें एकच झुडूप उरलें होतें! मद्याचा अंमल उतरविण्यास व गुप्तरोगांवर तें गुणकारी, अशी लोकांची समजूत होती. त्यामुळें बातमी पसरतांच लोक पानें व फांद्या ओरबाडूं लागले. एक कुंपण पुरेना, म्हणून आणखी कुंपणें घालावीं लागलीं. ज्यास औषध म्हणून मान दिला, त्याच्याच मुळावर लोक आले.

1986 सालीं कांहीं डहाळ्या इंग्लंडांतील क्यू येथील वनस्पति-उद्यानांत नेल्या. तेथें रोप जगलें, फुललें. पण बीं धरीना. अनेक वर्षें असेंच चाललें. शेवटीं कार्लोस माग्दालेना या माळ्यानें स्त्रीकेसराचें टोक कापून त्या जागीं पराग लाविले. पुष्कळ प्रयत्न फसल्यावर 2003 सालीं फळ धरलें, आणि पुढें बियाणें रॉड्रिग्जला परत पाठविण्यांत आलें. तथापि धोका अद्याप टळलेला नाहीं.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, जिवंत राहणें वेगळें व वंश टिकणें वेगळें. कुंपणानें झुडूप राखलें. वंश राखावयास बींच लागलें.

विचारार्थ प्रश्न :
1. विद्वानांस न सांपडलेलें झुडूप मुलास कसें सांपडलें?
2. औषधी झाड राखून औषध कसें घ्यावें?
3. आपल्या शिवारांतील कोणतें झाड आतां क्वचित् दिसतें? त्याचें बीं कोणी जपलें आहे काय?