खोडव्याचे पहिले १५ दिवस : कामांची यादी कशी करावी



लागण आपण जिवापाड जपतो. खोडवा मात्र "येतोय की आपोआप" म्हणून सोडून देतो. तोड झाल्यावर मजूर नि खताची शोधाशोध सुरू होते. तोवर न छाटलेल्या बुडख्यांच्या वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे निघतात, आणि टनेज तिथेच घटते.

म्हणून यादी तोडीआधीच वहीत लिहावी. नुसते "खत देणे" लिहून भागत नाही. कधी, किती आणि कोण करणार, हे तिन्ही हवे. तयारीची तारीखही लिहावी. एका एकरासाठी नमुना असा :

१) तोडीआधी १ महिना : नांग्यांसाठी पिशवीत रोपे करणे.

२) तोडीआधी ८ दिवस : युरिया ५० किलो, सुपर फॉस्फेट ४० किलो, पाचट कुजविणारे जिवाणू ४ किलो आणणे, छाटणीचे मजूर सांगून ठेवणे.

३) तोडीनंतर लगेच : पाचट न पेटवता सरीत दाबणे, बुडखे जमिनीलगत छाटणे, पाचटावर वरील खते व जिवाणू टाकून पाणी देणे.

४) १५ दिवसांच्या आत, वाफशावर : पहारीने खताचा पहिला हप्ता, बुडख्यापासून १०-१५ सेंमीवर, तितकाच खोल, नांग्या भरणे.

५) १३५ व्या दिवशी : दुसरा हप्ता, विरुद्ध बाजूस.

काम झाले की तारीख घालून रेघ मारावी. राहिले तर खोडू नये, कारण लिहावे. पुढच्या साली कुठे अडले, ते वहीच सांगेल.

– ऊसविकास अधिकारी