प्लग काढलेलाच आहे ना?

डोंबिवली,
२४ मे

चि. सौ. मनूस,

काल फोनवर मी ओरडलो आणि तू फोन ठेवलास. नंतर तीनदा लावला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र रात्रीच्या दापोली गाडीने येणाऱ्या बंड्याकडे देतोय. सोबत एक पुडी आहे, तिचं खाली लिहितो. आधी एवढंच सांग, फ्रीजरचा प्लग काढलेलाच आहे ना? ताई म्हणाली, काढलाय. पण मला बरं वाटावं म्हणून ताई काहीही सांगते, हे तुला ठाऊक आहे.

परवा तिच्या बोलण्यात सहज आलं. "आता तो टक्-टक् करत नाही हो. मनूने वरच्या आळीतल्या पोराकडून ते काढूनच टाकलंन." आनंदाने सांगत होती. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मनू, तुम्ही काढलंत ते ओव्हरलोड. कॉम्प्रेसर सुरू व्हायला जातो, घुंऽऽ करतो आणि मोटर फिरत नाही, तेव्हा ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्या उष्णतेने ओव्हरलोडमधली चकती उलटी वाकते, टक् करते आणि वीज तोडते. निवली की पुन्हा जोडते. तुला तो बिघाड वाटला. तो दर चार मिनिटांनी तुझी मोटर वाचवत होता गं.

आणि शेजारच्या रिलेचंही बघ. तो गार असेल तरच मोटरला सुरुवातीचा धक्का देतो. ओव्हरलोडने वीज तोडली की त्यालाही निवायला वेळ मिळतो. आता तोडणारंच कोणी नाही. एकदा मोटर अडली की रिले तापलेलाच राहणार, दुसरा धक्का मिळणार नाही, मोटर जागच्या जागी घुमत बसणार आणि जळणार. पोराने दुपारी जोडलं तेव्हा लाइट चांगली होती, म्हणून चालला. संध्याकाळी काय?

संध्याकाळच म्हणतोय, कारण खरं दुखणं ताईनेच नकळत सांगितलंय. दिवेलागणीपासून दहापर्यंत टक्-टक्, मध्यरात्रीनंतर निमूट चालतो. गॅस गेला असता तर मध्यरात्रीनंतरही गार झाला नसता. हे व्होल्टेजचं काम आहे. २३० च्या जागी १८० आले तर मोटरचा सुरू होण्याचा जोर साठ टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. त्यात तू स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत ती पिवळी वायर ओढलीयस, गणपतीत माळा लावायला आणलेली. तिच्यातून दिवे पेटतात, फ्रीजर नाही. उरलंसुरलं व्होल्टेज ती खाते. आणि मासेमारीबंदी लागायच्या आधी म्हणून हर्णैहून आणलेली कोळंबी-सुरमई एकाच दिवशी गच्च भरलीस. तेवढं गोठवायला कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालणार, तापणार. पेटीच्या भिंतींतूनच उष्णता बाहेर पडते, आणि तिला दोन्हीकडून क्रेट टेकवलेत. फोटोत दिसलं मला.

तू विचारशील, हे आधी का नाही सांगितलं? तू विचारलंस का? लहानपणी माझ्या पिशवीतला टेस्टर घेऊन अंगणभर फिरायचीस. आता मोबाइलवर बघून पोरं सांगतात ते खरं आणि चाळीस वर्षं हेच करणारा मामा आठवत नाही.

जाऊ दे. रागाने लिहायला बसलो नव्हतो.

ताईला आणि तुझ्या मामीलाही ठाऊक नाही ते सांगतो. १९८४ चा मे महिना. मी बावीस वर्षांचा. लालबागला एका दूधवाल्याच्या दुकानात असाच फ्रीजर टक्-टक् करत होता. नवा ओव्हरलोड आणायला माझ्या उस्तादांनी मला लोहार चाळीत पाठवलं होतं. पण मालक म्हणाला, दूध नासतंय, आत्ता काहीतरी कर. मी डायरेक्ट जोडून दिला. तो चालला, मालकाने वर दहा रुपये दिले. रात्री वाइंडिंग जळलं आणि करंट बॉडीत उतरला. अर्थिंग नव्हतंच. पहाटे मालकाचा मुलगा दूध ठेवायला आला, अनवाणी, लादी ओली. झाकणाला हात लावला आणि मागे फेकला गेला. खांदा निखळला, जीव वाचला. मी तिथे गेलो आणि सांगितलं, तुमचं वायरिंग जुनं आहे. उस्ताद शेजारी उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं. ते एक शब्द बोलले नाहीत. त्या दुकानावरून मी नंतर कधी गेलो नाही. मुलगा आता पन्नाशीचा असेल.

तुझी पडवी मासे धुऊन दिवसभर ओली असते. आणि तुझा छोटू चपला घालत नाही. काल माझा आवाज चढला तो यामुळे.

आता पुडी. तुझ्या कॉम्प्रेसरचा नंबर पावतीच्या फोटोत होता, त्यावरून त्याच मापाचा ओव्हरलोड आणि रिले घेतलाय. पण पोराला लावू देऊ नकोस. प्लग काढलेला असताना पिनांवरच्या वायरी सोडव आणि मीटरने प्रत्येक पिन आणि बॉडी यांच्यात बघ. काही दाखवायला नको. दाखवलं तर तो फ्रीजर पुन्हा लावायचा नाही, मग आत कितीही माल असो. जुना रिले कानाशी हलव, आत खुळखुळला तर फुटलाय. रिले मी बंद डबीचा दिलाय, दुसरा कुठला उघडा लावू नका. तुझ्या फ्रीजरमध्ये आर-६००ए आहे, मागे ज्वाळेचं पिवळं चित्र आहे बघ. तो गॅस पेटतो आणि त्याला वास येत नाही. कोणी 'गॅस भरून देतो' म्हणत वेल्डिंगचा टॉर्च घेऊन आला तर दारातूनच परत पाठव.

मग पिवळी वायर काढून टाक. फ्रीजर माजघरातल्या तीन पिनांच्या प्लगशी आण, भिंतीपासून वीतभर सोडून. तिथे रात्री आठला, मोटर सुरू होताना मीटर २०० च्या खाली गेला तर स्टॅबिलायझर लागेल, तीन मिनिटं थांबून चालू करणारा. तेवढ्या वेळात आतला दाब दोन्हीकडे सारखा होतो आणि मोटरला सुरू होणं जड जात नाही. त्याचे पैसे तू द्यायचे नाहीत. बचत गटाचे हप्ते चालू आहेत, मला माहीत आहे. जावई बोटीवरून येईपर्यंत एकटीने हे सगळं रेटतेस, तेही माहीत आहे. तोंडावर कधी बोललो नाही, पण मामी सांगेल, मी सगळ्या चाळीत तुझं कौतुक करतो.

तोवर झाकण उघडू नकोस. गोठलेला माल गच्च असला तर दिवसभर सहज टिकतो. मऊ पडायला लागला तर बंदरावरून बर्फ आणून त्यात घाल. थोडा गेला तर गेला.

मला स्वतःला यायचं होतं. गुडघे एसटीची रात्र सोसत नाहीत, मामीही सोडत नाही. म्हणून असं कर. ओव्हरलोड बसवल्यावर उद्या रात्री आठला फोन लाव. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फोन नुसता कॉम्प्रेसरजवळ धर. मी ऐकतो. आणि छोटूला तेवढा वेळ ताईच्या मांडीवर बसव.

तुझा,
मामा