घटक ५ : आडनाव, गाव आणि नोंदवही – वंशशोधाची भाषिक साधने

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• गोवा-सिंधुदुर्ग सीमाभागातील पोर्तुगीज वळणाच्या आडनावांचा उगम स्पष्ट करता येईल.
• चर्चमधील नोंदी आणि जनगणना या दोन साधनांतील फरक सांगता येईल.
• नोंदीतील नावाचे लेखन आणि बोलीतील उच्चार यांचा संबंध लावता येईल.

५.२ प्रास्ताविक

सावंतवाडी आणि बांदा यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गावर इन्सुली हे गाव आहे. गोव्याची सीमा येथून जवळ आहे. या परिसरात फर्नांडिस, रॉड्रिक्स, डिसोझा, लोबो अशी आडनावे परिचयाची आहेत. ती ऐकणाऱ्याच्या मनात सहज एक समजूत तयार होते, की ही कुटुंबे पोर्तुगालहून आलेल्यांची वंशज असावीत. काही कुटुंबांनाही तसेच वाटते. भाषेच्या अभ्यासकाने ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. आडनाव हा वंशाचा पुरावा असतो की केवळ भाषेचा, हा या घटकातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

५.३ दोन प्रकारची आडनावे

‘इन्सुलकर’ या आडनावात गावाच्या नावाला ‘-कर’ हा प्रत्यय लागला आहे. कुटुंब दुसरीकडे गेले तरी मूळ गाव आडनावात टिकून राहते. याउलट ‘फर्नांडिस’ म्हणजे फर्नांदोचा मुलगा, ‘रॉड्रिक्स’ म्हणजे रॉड्रिगोचा, तर ‘गोन्साल्विस’ म्हणजे गोन्सालोचा मुलगा. येथे प्रत्यय पित्याचा निर्देश करतो. परंतु हा पिता मध्ययुगीन आयबेरियातील आहे; बार्देशातील शेतकऱ्याशी त्याचा रक्तसंबंध असण्याचे कारण नाही.

मग ही आडनावे येथे कशी आली? पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी जिंकली आणि १५४३ मध्ये बार्देश व सासष्टी हे महाल त्यांच्याकडे आले. सासष्टीत जेझुइटांनी, तर बार्देशात फ्रान्सिस्कनांनी धर्मप्रसार केला. बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या ख्रिस्ती व्यक्तीस धर्मपित्याचे किंवा दीक्षा देणाऱ्या धर्मगुरूचे आडनाव मिळत असे. अल्बुकर्कच्या प्रोत्साहनाने स्थानिक स्त्रियांशी विवाह करून स्थायिक झालेले पोर्तुगीज सैनिकही गोव्यात होते. त्यामुळे एकच आडनाव लिस्बनहून आलेल्या सैनिकाच्या वंशजाचे असू शकते, तसेच बार्देशातील गावकऱ्याच्या वंशजाचेही. बहुसंख्य कुटुंबे दुसऱ्या प्रकारची आहेत. या नामांतराने जुने नाव गेलेच. शिवाय आडनावातून गाव ओळखण्याची सोयही नाहीशी झाली. म्हणून पूर्वजांचा शोध घेताना आडनावाचा नव्हे, तर गावाचा माग काढावा लागतो.

५.४ चर्चमधील नोंदी

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाह व बाप्तिस्मा यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या नोंदी आणि धर्मग्रामातील कुटुंबांची यादी यांचीही तरतूद केली. ही कुटुंबयादी म्हणजे जनगणनेचे जुने धार्मिक रूपच होय.

वंशशोधाच्या दृष्टीने पुढील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

(अ) बाप्तिस्म्याची नोंद : तीत मूल, आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता यांची नावे असतात. नंतरच्या काळातील नोंदींत अनेकदा आजी-आजोबांची नावेही आढळतात. म्हणजे एका परिच्छेदात तीन पिढ्या मिळतात. धर्मपिता पुष्कळदा नात्यातला असल्याने त्याच्या गावाकडेही लक्ष द्यावे.

(आ) विवाहाची नोंद : विवाहापूर्वी वधू-वरांच्या धर्मग्रामांत जाहीर घोषणा करण्याची पद्धत होती. वर बार्देशातील आणि वधू सावंतवाडी भागातील असेल, तर दोन्ही ठिकाणांचा उल्लेख येतो. सीमा ओलांडून आलेल्या कुटुंबाचे मूळ गाव शोधण्यास हीच नोंद सर्वाधिक उपयोगी पडते.

(इ) समासातील टीप : विवाह झाल्यावर त्याची माहिती बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामास कळवावी आणि ती मूळ नोंदीशेजारी लिहावी, असा नियम १९०८ पासून अमलात आला. त्यामुळे गाव सोडून गेलेल्या व्यक्तीचे पुढे काय झाले, हे मूळ गावच्या वहीच्या समासात सापडू शकते.

सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून निर्माण झाला. म्हणून ‘आज हे गाव कोणत्या धर्मप्रांतात आहे’ एवढे विचारून भागत नाही; ‘त्या वर्षी ते कोणाच्या अखत्यारीत होते’ असे विचारावे. पणजीचे गोवा अभिलेखागार हेही महत्त्वाचे केंद्र आहे. त्याचा आरंभ १५९५ मध्ये दिओगु दु कोतु याच्या नेमणुकीने झाला.

५.५ लेखन आणि उच्चार

या वह्या पोर्तुगीज भाषेत आहेत. लेखनिकाने कोकणी उच्चार ऐकून पोर्तुगीज लेखननियमांप्रमाणे लिहिला आहे. कोकणीतील अंत्य अनुनासिक स्वर तो ‘म’ या अक्षराने दाखवतो; त्यामुळे पेडणे ‘पेर्नेम’ होते आणि डिचोली ‘बिचोलिम’. ‘श’ या ध्वनीसाठी रोमन ‘एक्स’ हे अक्षर येते. शेल्डे या गावाचे नाव अनुक्रमणिकेत ‘एस’ खाली शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

व्यक्तिनामांत उलट प्रवास दिसतो. वहीतील ‘सेबास्तियांव’ घरी ‘बास्त्यांव’ असतो, ‘इनासियो’ हा ‘इनास’ आणि ‘पेद्रो’ हा ‘पेद्रू’. आजीने सांगितलेले नाव आणि वहीतील नाव वेगळे दिसले, म्हणून माणसे वेगळी ठरत नाहीत.

५.६ जनगणनेची मर्यादा

ब्रिटिश भारतात पहिला प्रयत्न १८७२ मध्ये आणि देशभर एकाच वेळी गणना १८८१ मध्ये झाली. परंतु जनगणनेचे उद्दिष्ट मोजणी हे आहे. प्रसिद्ध होतात ते आकडे. व्यक्तिगत माहिती १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार गोपनीय असते. इंग्लंड-अमेरिकेतील वंशशोधक जुन्या जनगणनेच्या कुटुंबवार पत्रकांतून नावे मिळवतात. तो मार्ग येथे खुला नाही. मात्र एखाद्या प्रदेशात ख्रिस्ती लोकसंख्या किती होती, हे आकड्यांवरून कळते आणि चर्चच्या नोंदींतून काढलेला निष्कर्ष पडताळता येतो. येथे हेही ध्यानात ठेवावे, की सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होते, नंतर रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे. प्रत्येक काळाचे तक्ते वेगळ्या शीर्षकाखाली शोधावे लागतात.

५.७ आजचे महत्त्व

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्या व्यक्तींना, तसेच ठरावीक अटींवर त्यांच्या वंशजांना, पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. येथे निर्णायक ठरते ती नोंदवलेल्या जन्माची जागा व तारीख, आडनाव नव्हे. अनेक पिढ्यांपूर्वी इन्सुली परिसरात येऊन राहिलेल्या कुटुंबाला केवळ ‘फर्नांडिस’ असल्याने असा हक्क मिळत नाही. उलट, हक्क असलेल्या व्यक्तीच्या तीन कागदांवर नावाचे लेखन तीन प्रकारे असेल, तर ती एकच व्यक्ती असल्याचे सिद्ध करावे लागते. शिवाय दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. एका अक्षराच्या फरकामागे एवढे मोठे निर्णय उभे असतात.

५.८ सारांश

पोर्तुगीज आडनाव हे भाषासंपर्काचे चिन्ह आहे. ते एकट्याने पोर्तुगीज वंश सिद्ध करत नाही. शोधाची दिशा वर्तमानाकडून भूतकाळाकडे असावी : आधी घरातील कागद व ज्येष्ठांची आठवण, मग स्थानिक धर्मग्रामाची वही, विवाहनोंदीतून मूळ गाव आणि शेवटी त्या गावची नोंद. हा माग बहुधा लिस्बनपर्यंत जात नाही, बार्देशातील एखाद्या वाड्यापाशी थांबतो. तेथे सापडणारा पूर्वज कोकणी बोलणारा असतो आणि त्याचे जुने नाव बहुधा ‘-कर’ या प्रत्ययाच्या जगातले असते.

५.९ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘इन्सुलकर’ व ‘रॉड्रिक्स’ या आडनावांची रचना तुलनेने स्पष्ट करा.
२. स्थलांतरित कुटुंबाच्या शोधात बाप्तिस्म्याच्या नोंदीपेक्षा विवाहाची नोंद अधिक उपयोगी का ठरते?
३. आपल्या कुटुंबातील एका ज्येष्ठ व्यक्तीचे नाव जन्मदाखला, शाळेचा दाखला व शिधापत्रिका यांवर कसे लिहिले आहे ते पाहा आणि आढळणाऱ्या फरकांची भाषिक कारणे लिहा.