कारखान्यास दिलेल्या मालाचे पैसे कसे निघतात?

पिंपरी येथे संत तुकाराम नगराशेजारी १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग उभी राहिली. ह्या कारखान्यांच्या उपाहारगृहांस रोज कांदा, बटाटा व भाजीपाला लागतो. मावळ व खेड तालुक्यांतील शेतकरी गटांना व उत्पादक कंपन्यांना ही जवळची बाजारपेठ आहे. परंतु येथील व्यवहार चाकणच्या बाजार आवारातील व्यवहारापेक्षा निराळा असतो. तेथे लिलाव व वजन झाले की अडत्याकडून हिशेबपट्टी मिळते. कारखान्यात माल उधारीने जातो व पैसे कागदावरून निघतात. म्हणून त्या कागदांची वाट शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

देणी-लेखा शाखेचे काम

कंपनीने कोणाचे किती देणे आहे व ते कोणत्या दिवशी फेडावयाचे, ह्याचा हिशेब देणी-लेखा शाखा ठेवते. ही शाखा माल स्वतः पाहत नाही. ती पुढील तीन कागद ताडून पाहते.

१. खरेदी-आदेश : कोणता माल, किती व कोणत्या दराने मागविला.

२. माल-स्वीकृती पावती : प्रत्यक्षात किती माल उतरवून घेतला व किती नाकारला.

३. पुरवठादाराचे बिल.

तिन्हींचा मेळ बसला म्हणजे बिल मंजुरीस जाते. मग खरेदी खाते नावे व पुरवठादाराचे खाते जमा होते. मुदत भरल्यावर रक्कम बँकेत पाठविली जाते, आणि पुरवठादाराचे खाते नावे पडून देणे मिटते.

बिल कोठे अडते?

समजा, २५ रुपये किलो दराने २०० किलो कांदा मागविला. फाटकावर ८ किलो कांदा नासका म्हणून परत केला. गटाने मात्र चलन पाहून ५,००० रुपयांचे बिल पाठविले. स्वीकृती पावती १९२ किलोंची, म्हणजे ४,८०० रुपयांची आहे. वाद २०० रुपयांचाच; परंतु मेळ बसेपर्यंत सबंध बिल पडून राहू शकते. इकडे पीककर्जाचे व्याज चढत जाते व पुढील लागवडीच्या बियाण्यास पैसा उरत नाही. ह्यासाठी गाडी परतण्यापूर्वीच स्वीकारलेल्या वजनाची सहीशिक्क्याची पावती घ्यावी व बिल तिच्यावरूनच करावे.

बिलांना अनुक्रमांक द्यावेत. एकच क्रमांक दोनदा आल्यास दुबार बिल समजून ते बाजूस ठेवले जाते. बिलावर खरेदी-आदेशाचा क्रमांक व बँक खात्याचा तपशील लिहावा.

मुदतीचा प्रश्न

“तीस दिवसांत पैसे” एवढे लिहून भागत नाही. हे दिवस माल पोचल्यापासून की बिल मिळाल्यापासून मोजावयाचे, हे करारात स्पष्ट असावे. उपाहारगृह ठेकेदार चालवीत असल्यास पैसे कोण देणार, हेही आधीच ठरवावे.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यान्वये नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उपक्रमांस लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावयास हवेत. करार नसल्यास १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. प्रक्रिया उद्योग चालविणाऱ्या उत्पादक कंपन्यांनी ही नोंदणी जरूर करावी. केवळ ताजा माल पिकवून विकणाऱ्याने मात्र ह्या तरतुदीवर विसंबू नये; मुदत व व्याज करारातच लिहून घ्यावे.

आपल्या घरचा हिशेब

उत्पादक कंपनी स्वतःच सभासदांची देणेकरी असते. तिनेही प्रत्येक सभासदाचे वजन, प्रत, दर व देय तारीख वहीत नोंदवावी आणि कोणाचे पैसे किती दिवसांपासून थकले आहेत, हे दर आठवड्यास पाहावे. कारखान्याकडून आपण जी शिस्त अपेक्षितो, ती आपल्या वहीत असली, तरच सभासद पुढच्या हंगामात आपला माल विश्वासाने कंपनीकडे आणतील.